मागून आणलेली पैठणी

कुमुदताई सबनीसांचा चिवडा चांगला नसायचा, हे आधी सांगून टाकते. त्यांच्याविषयी बोलायला बसलं की लोक एकदम त्यांच्या फिल्म्स, त्यांची स्त्रीमुक्ती, त्यांचा बाणेदारपणा यांवर घसरतात आणि चिवड्याचं राहूनच जातं. आमच्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात तेव्हा पातळ पोहे मिळत नसत, त्यामुळे हा चिवडा अमेरिकन मुलं सकाळी दुधात घालून खातात त्या कुरमुऱ्यांचा असे. ते कुरमुरे मुळातच गोडसर. त्यावर कुमुदताई मोहरी, हिंग आणि मूठभर मिरच्यांची फोडणी ओतत, आणि जे काही तयार होई ते कॉफीच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात भरून कॅमेऱ्याच्या पेटीशेजारी गाडीत ठेवत. पेनसिल्व्हेनियातल्या कितीतरी गोऱ्या बायकांनी तो डबा कौतुकाने रिकामा केला. मी मात्र शेवटपर्यंत त्यातले दाणेच वेचून खाल्ले.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. माझं नवीन लग्न झालेलं. सुधीर युनिव्हर्सिटीत मातीतल्या जंतूंवर पीएच.डी. करत होता, आणि मी नागपूरहून एम.ए. होऊन आलेली, खिडकीतून बर्फ बघत बसायची. माझा व्हिसा असा होता की नोकरी करायची बंदी. दिवसातून एकदा कॅम्पसची बस पकडायची, लायब्ररीत जायचं आणि त्याच बसने परत यायचं, एवढीच माझी अमेरिका.

अशात संक्रांत आली. आमच्या गावातलं सगळ्यांत मोठं मराठी घर डॉक्टर देवस्थळींचं. त्यांच्या तळघरात शैलाकाकूंचं हळदीकुंकू होतं. आम्ही बायका खाली, आणि आम्हाला बर्फातून आणून सोडणारे आमचे नवरे वर टीव्हीसमोर, न कळणारा अमेरिकन फुटबॉल बघत. एकीलाही गाडी चालवता येत नव्हती, म्हणून नवरे वाट बघत थांबलेले.

जिना उतरून एक बाई आल्या. कॉर्डुरॉयची पँट, पायात पुरुषी बूट, अंगात कुणाच्या तरी आजोबांचा वाटावा असा कोट, आणि केस मात्र तेल लावून घट्ट अंबाडा घातलेले. चाळिशीच्या असतील. माझ्या शेजारणीने माझ्या कानात सांगितलं, "कुमुद सबनीस. सिनेमे काढते. नवऱ्याला सोडलंय."

शैलाकाकू हळदीकुंकवाचा करंडा आणि वाणाच्या स्टीलच्या वाट्या घेऊन एकेकीपाशी येत होत्या. कुमुदताईंपाशी आल्या आणि त्यांचं बोट कुंकवातच थबकलं. लावावं की लावू नये? काकू स्वभावाने गरीब. त्यांना कुणाला दुखवायचंही नव्हतं आणि शास्त्रही मोडायचं नव्हतं. कुमुदताईंनी कपाळ पुढे केलं.

"लावा हो शैलावहिनी. कपाळ माझंच आहे, त्याचं नव्हतं."

काकूंनी लावलं. जरा जास्तच मोठं लागलं. मग कुमुदताईंनी खांद्यावरची पिशवी उघडली. "मीही वाण आणलंय. लुटा!" म्हणाल्या आणि प्रत्येकीच्या ओटीत एकेक पुस्तिका टाकत सुटल्या. आम्ही पाहिलं तर ती ड्रायव्हिंग लायसन्सच्या परीक्षेची, सरकारी ऑफिसात फुकट मिळणारी पुस्तिका.

"अहो, वाण म्हणून काहीतरी संसारोपयोगी द्यावं," शैलाकाकू हळूच म्हणाल्या.

"मग हे काय आहे? रात्री पोराला ताप चढला आणि डॉक्टरसाहेब कॉन्फरन्सला गेलेले असले, तर काय त्या स्टीलच्या वाटीत बसून जाणार हॉस्पिटलला?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. ती मीच होते. कुमुदताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि माझं नाव विचारलं.

"मंजू? दिवसभर काय करतेस?"

"काही नाही."

"छान. म्हणजे कान रिकामे आहेत. मला कान हवेत."

फिल्म करताना एकाने चित्र घ्यायचं आणि एकाने आवाज, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांचा आवाज घेणारा मुलगा शिक्षण संपवून कॅलिफोर्नियाला निघून गेला होता. पुढच्याच आठवड्यात माझ्या खांद्याला टेपरेकॉर्डर आणि हातात काठीला बांधलेला मायक्रोफोन आला. त्याबदल्यात मला त्या गाडी शिकवणार होत्या. सुधीर म्हणाला, "यार, ती बाई डेंजरस आहे असं सगळे म्हणतात." मी म्हटलं, "बरं झालं. नाहीतर मला कंटाळून मरायची पाळी आली होती."

गाडी मी फुटबॉल स्टेडियमच्या रिकाम्या पार्किंगमध्ये शिकले. कुमुदताईंची स्टेशन वॅगन खालून गंजलेली होती आणि तिचं एक दार आतून कापडी पट्ट्याने बांधलेलं होतं. शिकवायची त्यांची तऱ्हा एकच. शेजारी बसून चिवडा खायचा आणि मी दिव्याच्या खांबाच्या अगदी जवळ गेले की फक्त "खांब" एवढंच म्हणायचं. ओरडणं नाही, हात मारणं नाही. सुधीरने एकदा शिकवायचा प्रयत्न केला होता तेव्हा आमचं लग्न मोडायची वेळ आली होती, त्यामुळे हा फरक मला चांगलाच कळला.

राहायच्या त्या एका लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर. खाली कपडे वाळवायची यंत्रं सतत फिरत, त्यामुळे हिवाळ्यातही त्यांची फरशी गरम असे आणि त्यांना हीटर लावावा लागत नसे, याचा त्यांना फार अभिमान. जेवायच्या टेबलावर फिल्म कापायचं आणि जोडायचं यंत्र बसवलेलं, म्हणून आम्ही जेवायला त्या गरम फरशीवर मांडी घालून बसायचो. बाथटबवर कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली आणि तिच्यावर चिमट्यांनी फिल्मच्या पट्ट्या टांगलेल्या. खाली टबात स्वच्छ चादर, पट्ट्यांना धूळ लागू नये म्हणून. "मग आंघोळ?" मी घाबरत विचारलं. आंघोळीला त्या युनिव्हर्सिटीच्या पोहण्याच्या तलावावर जात. युनिव्हर्सिटीतच, कॅमेरे उसने देणाऱ्या खोलीत त्यांची नोकरी होती, पगार घरभाड्यापुरता. बाकी सगळं आयुष्य त्या टबावर टांगलेलं होतं.

त्यांच्या कामाचे काही नियम होते आणि ते सोवळ्यासारखे कडक पाळायच्या. ज्या घरी जायचं तिथे पहिल्या दिवशी कॅमेरा गाडीतच राहायचा. आत फक्त चिवड्याचा डबा आणि आम्ही. बसायचं, खायचं, त्या घरचं जे असेल तेही खायचं. दुसरा नियम माझ्या कामाचा. बोलणं रेकॉर्ड झालं की उठायचं नाही. सगळ्यांनी जागच्या जागी गप्प बसायचं आणि मी त्या रिकाम्या खोलीचा आवाज टेपवर घ्यायचा. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते आणि फिल्म जोडताना ती लागते, असं त्या म्हणत. पहिल्यांदा हे ऐकून मला हसू आवरेना. आणि गंमत अशी की गप्प बसा म्हटलं की त्या घरातल्या बायकांनाही हसू आवरत नसे, त्यामुळे माझ्याकडे हसू दाबणाऱ्या बायकांच्या टेपा ढीगभर होत्या.

तिसरा नियम सगळ्यांत मोठा. फिल्मचा पहिला खेळ जिची फिल्म तिच्या घरी, तिच्या स्वयंपाकघरात. ती म्हणेल ते ठेवायचं, ती म्हणेल ते काढायचं. मी विचारलं, हे असं सगळेच करतात का? म्हणाल्या, "कुणी करत नाही. वेडेपणा समजतात." आणि मग त्यांचं ते ठरलेलं वाक्य आलं, जे मी पुढे इतक्यांदा ऐकलं की झोपेतही म्हणून दाखवीन.

"बाई गं, दुसरीचा चेहरा म्हणजे मागून आणलेली पैठणी. लग्नात खुशाल मिरवावी, पण डाग न पाडता परत करावी."

या नियमाचा प्रत्यय मला पहिल्यांदा आला तो आमच्या मंडळाच्या गणपतीत. अध्यक्ष होते देवस्थळीकाकाच. त्यांना वाटलं, गावात आपलीच सिनेमावाली बाई आहे, उत्सवाची एक छानशी फिल्म करून घ्यावी. आरती, नाच, मुलांचं नाटुकलं आणि अर्थात अध्यक्षीय भाषण. कुमुदताई हो म्हणाल्या. भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये त्या कॅमेरा घेऊन शिरल्या आणि सरळ मागच्या किचनमध्ये गेल्या. पूर्ण वेळ तिथेच. तिथे शैलाकाकू आणि आणखी चौघीजणी पदर खोचून पुऱ्या तळत होत्या. काका पलीकडे स्टेजवर संस्कृतीची जपणूक या विषयावर बोलत होते, ते सगळं त्या फिल्ममध्ये आहे, फक्त भिंतीपलीकडून येतं आणि मध्ये मध्ये पुरी तेलात पडल्याचा चर्र आवाज. काका म्हणतात, "आपण सर्वजण इथे एकत्र जमलो आहोत," आणि इकडे शैलाकाकू कपाळाचा घाम पुसत कॅमेऱ्याकडे न बघता म्हणतात, "इतकी वर्षं गणपती बसवतोय आम्ही, पण मी एकदाही आरतीला समोर उभी राहिले नाही हो."

पहिला खेळ काकूंच्या किचनमध्ये झाला. काका हॉस्पिटलात होते. दिवे मालवून काकूंनी स्वतःला पाहिलं. कुमुदताईंनी विचारलं, "ठेवू की काढू?"

काकूंनी खूप विचार केला. "मी म्हटलंय ते ठेवा. पण ती कढई फार काळी दिसतेय हो. कढई काढा."

आणि कुमुदताईंनी कढई काढली! पूर्ण दोन संध्याकाळी घालवून, जिथे जिथे कढईचं बूड दिसत होतं ते तुकडे कापले. मी म्हटलं, अहो, कढईचं काय एवढं. तर म्हणाल्या, "तिला कढईची लाज वाटते. मला वाटत नाही म्हणून काय झालं?"

मंडळात फिल्म दाखवली तेव्हा मोठा गहजब झाला. "माझं भाषण कुठंय?" काका विचारत राहिले. "आहे की. पुऱ्यांच्या मागे ऐका," कुमुदताई म्हणाल्या. काका रागावले, अबोला धरला, आणि पुढच्या वर्षी स्वतःच जाहीर केलं की या खेपेला पुऱ्या पुरुषवर्ग तळेल. तळल्या. त्या कुणाला खाता आल्या नाहीत हा भाग वेगळा. पण शैलाकाकू आरतीला पहिल्या रांगेत उभ्या राहिल्या आणि त्यांना आरती पूर्ण पाठ नाही हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

आता शर्टांच्या फिल्मकडे येते, कारण कुमुदताई म्हटलं की मला तीच आठवते.

आमच्या गावापासून दोनेक तासांवर कोळशाच्या खाणींचे डोंगर आहेत. खाणी बंद पडल्या, पुरुष घरी बसले, आणि तिथल्या बायका शर्ट शिवायच्या कारखान्यात जाऊन घरं चालवायला लागल्या. आता तो कारखानाही बंद व्हायच्या बेतात होता, कारण शर्ट दूरदेशी स्वस्तात शिवून मिळत होते. कुमुदताईंना त्या बायकांची फिल्म करायची होती. एक अख्खा हिवाळा आम्ही त्या डोंगरात ये-जा केली. परतीला गाडी मी चालवायची आणि त्या मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपायच्या.

तिथेच स्टेला भेटली. पन्नाशीची, रुंद खांद्यांची बाई, हात सतत काहीतरी करणारे. ती अर्थात इंग्रजीत बोलायची, मी आपल्या भाषेत सांगते. पहिल्या दिवशी तिने आम्हाला बटाट्याचं सारण भरलेलं, उकडून मग लोण्यात परतलेलं काहीतरी खाऊ घातलं. कुमुदताई खाऊन म्हणाल्या, "मंजू, उकडीच्या करंज्या गं!" आणि स्टेलाकडून कृती समजून घेतली. स्टेलाने चिवड्याचा डबा संपवला. तिच्या किचनमध्ये एक जुना, उंच, पांढरा फ्रिज होता. तो घरघरायचा, मध्येच अंग शहारल्यासारखा हलून गप्प व्हायचा, आणि पुन्हा सुरू व्हायचा. आवाज घेणारीला असा फ्रिज म्हणजे शाप. मी तो बंद करायला निघाले तर कुमुदताई म्हणाल्या, "राहू दे. तो तिच्याबरोबर राहतो."

चौथ्या की पाचव्या भेटीत, जो नावाचा तिचा नवरा बाहेर गेलेला असताना, स्टेला बोलली. कुणी काही विचारलं नव्हतं. कारखान्यात कापडाचे गठ्ठे वाटून मिळत आणि जेवढे शर्ट तेवढे पैसे. सोपे, सरळ शिलाईचे गठ्ठे कुणाला द्यायचे हे मुकादमाच्या हातात. सोपे गठ्ठे हवे असतील तर त्याचा हात पाठीवर फिरला, खाली गेला, तरी शिलाईवरून नजर उचलायची नाही. "मी उचलली नाही," स्टेला म्हणाली. "मुलं लहान होती, जो खाणीतून घरी बसलेला. कितीतरी वर्षं नजर उचलली नाही. बाकीच्यांना वाटायचं, मी त्याची लाडकी. अजून वाटतं. दर रविवारी चर्चमध्ये तोच दारात उभा राहून माझ्याशी शेकहँड करतो."

मग ती थांबली. कुमुदताईंनी मला खूण केली आणि मी खोलीची शांतता घेतली. त्या वेळी कुणाला हसू आलं नाही. फ्रिज तेवढा घरघरत होता.

फिल्म तयार होत आली आणि कुमुदताई उडायच्या बाकी राहिल्या. फिलाडेल्फियाच्या एका टीव्ही केंद्रातल्या माणसाने रस दाखवला होता. इतकी वर्षं त्यांच्या फिल्म्स चर्चच्या तळघरांत, युनियनच्या खोल्यांत, एकदा तर खालच्या लॉन्ड्रीतसुद्धा दाखवल्या गेल्या होत्या. मूठभर माणसं, घडीच्या खुर्च्या आणि कागदी कपात कॉफी. टीव्हीवर म्हणजे घराघरांत. नाशिकच्या बहिणीला त्यांनी फोन करून सांगितलं. तेव्हा भारतात फोन करणं ही चैन होती, यावरून समजा.

पण आधी पहिला खेळ. स्टेलाच्या किचनमध्ये पडदा लावायला भिंत मोकळी नव्हती, म्हणून आम्ही फिल्म फ्रिजच्या पांढऱ्या दारावर दाखवली. स्टेला खुर्चीत बसून, हात एप्रनमध्ये गुंडाळून, आपल्याच फ्रिजवर आपल्यालाच बघत होती. मशिनं बघून हसली, मैत्रिणी बघून हसली. मग तो भाग आला. संपला. शेवटचा तुकडा, मशिनं ट्रकमध्ये भरतात तो, तिने पाहिला की नाही कोण जाणे.

"ते काढ, कुमुड," ती म्हणाली. ती त्यांना कुमुडच म्हणायची. "जोला माहीत नाही. मी तुला सांगितलं ते तुला सांगितलं. टीव्हीला नाही."

"बरं," कुमुदताई म्हणाल्या.

बरं! एवढंच. मला वाटलं निदान समजावतील, विचार करायला वेळ मागतील. त्या उठल्या आणि कप विसळायला लागल्या.

घरी येऊन त्यांनी तो तुकडा कापला. मला वाटलं, आता दोन टोकं जोडून टाकतील. त्यांनी तिथे तेवढ्याच लांबीची कोरी, पारदर्शक पट्टी जोडली. म्हणजे तो भाग आला की पडदा नुसता पांढरा व्हायचा. आणि आवाजाला त्यांनी मी घेतलेली ती शांतता लावली. पांढरा पडदा आणि फ्रिजची घरघर. "इथे काहीतरी होतं आणि ते जिचं आहे तिने परत नेलं, एवढं तरी दिसू दे," त्या म्हणाल्या.

फिलाडेल्फियाला जायच्या दिवशी त्यांनी रेशमी स्कार्फ बांधला. त्या माणसाने फिल्म पाहिली, आवडली, आणि पांढऱ्या भागाशी तो खुर्चीत सावरून बसला. इथे काय होतं? कुमुदताईंनी सांगितलं, एक बाई बोलली होती, आता नको म्हणते. माणूस वाईट नव्हता. हुशार होता, काय बोलली असेल ते त्याने ओळखलं असावं. म्हणाला, हाच तर फिल्मचा जीव आहे. हे घाला, मी सगळ्या देशात दाखवतो. हे नसेल तर बंद पडणाऱ्या कारखान्याची आणखी एक फिल्म, अशा माझ्याकडे पुष्कळ येतात.

"परवानगीच्या कागदावर तिची सही आहे ना?" त्याने विचारलं.

"सही आहे," कुमुदताई म्हणाल्या. "तिचा होकार नाही."

"मग निदान ते भगदाड बुजवा."

"तेही नाही."

आम्ही खाली आलो. गाडीत बसल्यावर त्यांनी किल्ली काढली आणि तशीच हातात धरून बसल्या. स्कार्फ सोडला, घडी केली, पिशवीत ठेवला. मला फार वाईट वाटत होतं आणि रागही येत होता, त्यांचाच. एक चेहरा, एक छोटासा तुकडा, आणि त्यापायी सगळं आयुष्य पुन्हा चर्चच्या तळघरात! मी तोंड उघडलंसुद्धा. पण त्या रडत होत्या. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "तू चालव गं," म्हणाल्या. घर येईपर्यंत त्यांनी डबा उघडला नाही.

मग तळघरं सुरू झाली. आम्ही ती फिल्म कुठे कुठे नेली! पांढरा भाग आला की हमखास गोंधळ व्हायचा. कुणी म्हणायचं दिवा गेला, कुणी म्हणायचं फिल्म तुटली, एखादे काका मदतीला धावत यायचे. आणि मुलं? मुलांची चंगळ. पडद्यावर नुसता उजेड दिसला की ती प्रोजेक्टरसमोर हात धरून कुत्रा, ससा, पक्षी करायला लागायची. फ्रिजच्या घरघरीवर पडद्यावर ससे उड्या मारायचे. मी वैतागायचे, कुमुदताई नाही. कुणी नंतर विचारलंच, तिथे काय होतं, तर म्हणायच्या, "ते तिच्याकडे आहे."

सुधीरला टेक्ससमध्ये नोकरी लागली. सामान बांधून झालं होतं. जायच्या आधी एक शेवटचा खेळ होता, आणि तो स्टेलाच्या गावात. कारखान्याला कुलूप लागून काही महिने झाले होते. चर्चच्या तळघरात सगळ्या शिवणाऱ्या बायका, त्यांचे नवरे, पोरंटोरं. स्टेला मागच्या रांगेत, शेजारी जो, गुडघ्यावर टोपी ठेवून. दुपार होती, खिडक्यांना ब्लँकेटं टांगलेली. तो मुकादम कुठे दिसला नाही, याचं मला हायसं वाटलं.

आपापली तोंडं पडद्यावर बघून बायका खिदळत होत्या, एकमेकींना कोपरं मारत होत्या. मग पडदा पांढरा झाला आणि फ्रिज घरघरायला लागला. दोन मुलं टुणकन उठली. एक कुत्रा आला, एक पक्षी आला.

"मुलांनो, बसा," मागून आवाज आला.

स्टेला उठली होती. ती खुर्च्यांमधून पुढे आली आणि उजेडात उभी राहिली. डोळ्यांवर प्रकाश येत होता म्हणून तिने हात आडवा धरला. तिची सावली पूर्ण पडदाभर पडली.

"हा माझा फ्रिज आहे," ती म्हणाली. "हे माझं किचन. इथे मी होते." आणि तिने सांगायला सुरुवात केली. गठ्ठे, हात, खाली घातलेली नजर, रविवारचा शेकहँड. तेच शब्द, जे फक्त आम्ही दोघींनी ऐकले होते.

माझा टेपरेकॉर्डर खांद्यालाच होता. सवयीने माझं बोट बटणावर गेलं. कुमुदताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही. मी बोट काढलं.

मागे खुर्ची सरकली. जो उठला होता. सगळ्यांना वाटलं तो निघाला. मला तर नक्कीच वाटलं. स्टेलाचा आवाज अडखळला, पण ती थांबली नाही. जोने टोपी खिशात घातली, आपली घडीची खुर्ची उचलली, पुढे आला आणि ती स्टेलाच्या मागे उघडून ठेवली. ती बसली. तो तिच्या शेजारी भिंतीला टेकून उभा राहिला.

तेवढ्यात कोरी पट्टी संपली. फिल्मला काय कळतंय; ती पुढे चालू झाली आणि ट्रकमध्ये चढणारी शिवणाची मशिनं स्टेलाच्या पांढऱ्या ब्लाउजवर, तिच्या तोंडावर, जोच्या शर्टावर पडायला लागली. स्टेला बोलतच होती. कुमुदताईंनी आवाजाचं बटण हळूहळू शून्यावर आणलं.

मग फिल्मही संपली. संपलेल्या फिल्मचं टोक रिळावर फट फट आपटायला लागतं, हे ज्यांनी प्रोजेक्टर पाहिलाय त्यांना माहीत असेल. पडदा पुन्हा पांढरा झाला होता आणि स्टेलाचं अजून संपलं नव्हतं. कुमुदताई प्रोजेक्टरशेजारी जमिनीवर गुडघ्यांवर बसल्या होत्या. त्यांनी दिवा तसाच चालू ठेवला आणि ते फिरतं रीळ दोन्ही तळव्यांत धरून थांबवलं, आवाज होऊ नये म्हणून. स्टेलाचं बोलणं होईपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या. मला कुमुदताई दिसतात त्या अशा.